बी.एड. ही डी.एल.एड.ची मोठी बहीण नव्हे

आपला प्रश्न दोनदा वाचला. निफाड तालुक्यातील गाव, बारावी कला शाखेत एकाहत्तर टक्के गुण, घरी द्राक्षबाग, मागे दोन भावंडे शिकत आहेत आणि आपल्याला प्राथमिक शिक्षिका व्हायचे आहे, एवढी माहिती आपण दिली आहे. मामांच्या मते डी.एड.ला (बारावीनंतरची दोन वर्षांची शिक्षक पदविका, आताचे नाव डी.एल.एड.) आता कोणी विचारत नाही, तेव्हा आधी पदवी आणि मग बी.एड. करावे, कारण ती ‘मोठी’ आहे. मैत्रिणीने चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचे नाव काढले आहे. पदवी नसली तर लोक आपल्याला खरी शिक्षिका मानतील का, अशी आपली स्वतःची शंका आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारावे तसे, हा अभ्यास नेमका कसा करायचा असतो, असेही आपण विचारले आहे. माझ्या दृष्टीने तोच प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. पण आधी बाकीचे निस्तरू.

मी नऊ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत, पहिल्यांदा बागलाण आणि नंतर सुरगाणा तालुक्यात शिकवले आणि गेली पंधरा वर्षे नाशिकमध्ये एका अध्यापक विद्यालयात छात्राध्यापकांना शिकवतो आहे. त्यामुळे माझा कल कुठे असेल हे आपण ओळखालच. तो ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

मामांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. एक काळ असा होता की बारावीनंतर डी.एड.ला प्रवेश मिळाला म्हणजे नोकरी मिळालीच, असे घरोघरी धरून चालत. तालुक्यातालुक्यांत अध्यापक विद्यालये निघाली. पुढे २०१० नंतर भरती थंडावली, हजारो मुले पदविका घेऊन घरी बसली आणि विद्यालये ओस पडून एकामागून एक बंद झाली. ज्यांच्या ओळखीत असा एखादा तरी मुलगा आहे, ते डी.एड.चे नाव काढले की आजही मान हलवतात. मात्र त्यानंतर कायद्याच्या बाजूने एक मोठा बदल झाला आहे आणि तो बहुधा मामांपर्यंत पोहोचलेला नसावा.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने जून २०१८ मध्ये एक अधिसूचना काढून बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीच्या नेमणुकीसाठी पात्र ठरवले होते. अट एवढीच की नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा एक जोड अभ्यासक्रम करायचा. ही अधिसूचना राजस्थान उच्च न्यायालयाने रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. न्यायालयाच्या मांडणीचा गाभा असा की लहान मुलांना शिकवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, बी.एड.चा अभ्यासक्रम त्यासाठी आखलेलाच नाही आणि चांगले प्राथमिक शिक्षण हा मुलांचा हक्क असल्यामुळे या बाबतीत तडजोड चालणार नाही. म्हणजे आज आपण बी.ए. आणि बी.एड. करून पाच वर्षांनी बाहेर पडलात, तर सहावीच्या पुढच्या वर्गांसाठी पात्र असाल, परंतु पहिली ते पाचवीच्या वर्गासाठी नसाल. बारावीला बसलेल्या मुलींना मी हे सांगतो तेव्हा निम्म्या जणींना ते खरे वाटत नाही, इतकी ‘डी.एड. लहान आणि बी.एड. मोठी’ ही पायऱ्यांची कल्पना आपल्याकडे रुजलेली आहे.

म्हणून आपल्यापुढचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. कोणती पदवी मोठी, हे ठरवण्याआधी आपल्याला कोणत्या वयाची मुले शिकवायची आहेत हे ठरवावे लागेल. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवणे आणि चौदा वर्षांच्या मुलाला इतिहास शिकवणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्या कामाची ओढ असेल तर डी.एल.एड. किंवा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हे मार्ग उरतात. दुसऱ्याची असेल तर मामांचा सल्ला योग्य आहे.

आता पदवीबद्दल. डी.एल.एड. ही दोन वर्षांची पदविका आहे, पदवी नाही, हे खरेच. पण पदवी त्याच्या मागाहून घेता येते. नाशिककरांसाठी ही वाट तर घरच्या अंगणातून जाते, कारण १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे आहे आणि नोकरी करता करता बी.ए. झालेले प्राथमिक शिक्षक या जिल्ह्यात शेकड्यांनी भेटतील. हिशेब करून पाहा. बी.ए.ची तीन आणि बी.एड.ची दोन मिळून पाच वर्षे, डी.एल.एड.ची दोन आणि त्यानंतर बी.ए.ची तीन, तीही पाचच. फरक इतकाच की दुसऱ्या वाटेवर दोन वर्षांनंतर आपण प्रशिक्षित शिक्षिका असता आणि उरलेली तीन वर्षे काम करत शिकता. शिवाय पदवी व डी.एल.एड. एकत्र झाल्यावर सहावी ते आठवीच्या विषयशिक्षकपदासाठीही आपण पात्र ठरता, अर्थात शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटीचा) दुसरा पेपर उत्तीर्ण झाल्यास. आणि पुढे बी.एड. करावेसे वाटलेच, तर सेवेतील प्रशिक्षित शिक्षकांसाठी मुक्त विद्यापीठाचा तोही अभ्यासक्रम आहे. मात्र डी.एल.एड.च्या दोन वर्षांत दुसऱ्या कोणत्याही पदवीच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते पुढे येईलच.

चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आला. त्यात पदवी आणि बी.एड. एकत्र मिळते, प्रवेशासाठी राष्ट्रीय पातळीवरची सामाईक परीक्षा असते आणि पायाभूत, पूर्वतयारी, माध्यमिक असे मुलांच्या वयाचे टप्पे धरून तो आखलेला आहे, ही त्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट. या अभ्यासक्रमाला जाणार असाल तर आपण निवडलेला टप्पा पहिली ते पाचवीतल्या वर्गांसाठी आहे ना, हे प्रवेशाआधीच पाहून घ्यावे. एरवी नाव एकात्मिक आणि पात्रता माध्यमिकची, असे व्हायचे. तो २०२३-२४ पासून निवडक संस्थांतच सुरू झालेला आहे, त्यामुळे वसतिगृह, खाणावळ आणि चार वर्षे घराबाहेर राहणे धरूनच खर्चाचा आकडा मांडावा लागेल. द्राक्षाचे एक वर्ष कसे जाते आणि दुसरे कसे, हे आपल्याला मी सांगायला नको. घरची तयारी असेल आणि प्रवेश परीक्षेत चांगले गुण मिळतील असा विश्वास असेल, तर हा अभ्यासक्रम उत्तम. ती नसेल तर तो हुकल्याची खंत बाळगण्याचे कारण नाही.

संस्था निवडताना राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे की नाही हे आधी तपासावे. त्यानंतर तेथे जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलींना एकच गोष्ट विचारावी: आंतरवासितेत, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन काम शिकण्याच्या काळात, तुम्ही खरोखर किती दिवस शाळेत होता? परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार डी.एल.एड.मध्ये किमान वीस आठवडे शाळेत घालवायचे असतात. काही ठिकाणी या वीस आठवड्यांच्या वह्या घरी बसून भरल्या जातात, टाचणे (पाठांची लेखी नियोजने) मागच्या वर्षीच्या मुलींकडून उतरवली जातात, आणि ‘हजेरीचे आम्ही बघू’ हे वाक्य सोय म्हणून सांगितले जाते. आपल्याला असे कोणी सांगितले तर त्या संस्थेचा दरवाजा बाहेरून लावून घ्यावा. दोन वर्षांत दुसरी पदवी नको असे मी म्हटले ते याचसाठी. मुलांसमोर घालवलेला तो वेळच या अभ्यासक्रमाचे खरे पाठ्यपुस्तक आहे आणि तो वाचवायला गेले की हाती केवळ प्रमाणपत्र उरते.

आता अभ्यास कसा करायचा, याकडे येऊ.

पहिल्या वर्षी आपल्यासमोर बालविकास, अध्ययन, मूल्यमापन अशा नावांचे विषय येतील. बहुतेक मुली पियाजे आणि वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या व्याख्या पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि विसरून जातात. मी माझ्या विद्यार्थिनींना सांगतो की प्रत्येक संकल्पना घरातल्या किंवा शेजारच्या एका मुलावर करून पाहावी. पाच वर्षांच्या मुलासमोर दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी ओता, मग एका पेल्यातले पाणी उंच, निमुळत्या भांड्यात ओतून जास्त पाणी कशात आहे, असे विचारा. ते ठामपणे उंच भांडे दाखवील. आपण समजावून सांगाल, तरीही पुन्हा तेच दाखवील. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की त्या वयाच्या मुलाला नुसत्या शब्दांनी का पटवता येत नाही हे आपल्याला कळते, आणि मग पेपरात लिहिण्यासाठी वेगळे पाठांतर करावे लागत नाही.

भाषेच्या बाबतीत माझीच एक चूक सांगतो. बागलाणातला माझा पहिला महिना होता. ‘ही कविता कोणाला येते?’ असे मी विचारले आणि पुढे बसलेला एक मुलगा उत्साहाने म्हणाला, ‘माले येस, सर!’ मला वाटले की पोरगा इंग्रजीत ‘येस’ म्हणून ऐट दाखवतो आहे, आणि मी त्याला मराठीत उत्तर दे म्हणून चांगलेच दटावले. तो गप्प बसला, तो पुढे बरेच दिवस गप्पच होता. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी हसत हसत सांगितले की अहिराणीत ‘माले येस’ म्हणजे ‘मला येते’. त्याने माझ्या प्रश्नाचे अगदी अचूक उत्तर दिले होते. आपल्या जिल्ह्यात मालेगाव, सटाणा, देवळा या बाजूला अहिराणी, पेठ-सुरगाण्याकडे कोकणा आदिवासींची कोकणी, मालेगाव शहरात उर्दू, आणि नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत तर हिंदी आणि भोजपुरी घरची भाषा असलेली मुले एकाच बाकावर बसलेली असतात. आपण निफाडच्या, म्हणजे आपली बोली पुस्तकी मराठीला बरीच जवळची. म्हणूनच हे ध्यानात ठेवण्याची गरज आपल्याला अधिक आहे. आंतरवासितेत पहिल्या आठवड्यात मुलांच्या बोलीतले पन्नास शब्द वहीत उतरवून घ्यावेत. टाचणात त्यासाठी रकाना नसतो, पण पुढचे सगळे पाठ त्यावर उभे राहतात.

गणितात तर हे आणखी स्पष्ट दिसते. महापालिकेच्या एका शाळेत माझ्या एका छात्राध्यापिकेचा सरावपाठ मी पाहत होतो. टाचण नेटके, तक्ते सुबक, आवाज खणखणीत. तिने अंकलेखन घेतले आणि ‘पंचवीस’ म्हटल्यावर एका मुलीने ५२ लिहिले, ‘एकोणतीस’ म्हटल्यावर ३९. छात्राध्यापिकेने दोन्हींवर लाल फुली मारली आणि पुढे गेली. पाठ संपल्यावर मी तिला विचारले, की त्या मुलीने असे का लिहिले असेल? ‘सर, तिचा अभ्यास कच्चा आहे,’ असे उत्तर आले. खरे म्हणजे त्या मुलीने कान देऊन ऐकले होते. पंचवीस या शब्दात पाच आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, म्हणून तिने आधी ५ लिहिला. एकोणतीसमध्ये तिला तीस स्पष्ट ऐकू आले, शेवटचा नऊ कुठूनतरी आठवत होता, म्हणून ३९. चूक तर्काला धरून होती. आपल्या संख्यानामांची ही अडचण इतकी खरी आहे की २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीने ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत दिली आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. मराठी भाषा बिघडते आहे, इथपर्यंत लोक बोलले. मला स्वतःला ती पद्धत सुरुवातीच्या काही महिन्यांसाठी उपयोगी वाटते, नंतर पारंपरिक नावे पक्की करून घ्यावीत. पण आपण माझ्याशी सहमत व्हावे असे नाही. या वादात आपले मत असावे आणि ते वर्गातल्या मुलांकडे पाहून बनलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे.

तसेच वजाबाकीचे. ४२ मधून १७ वजा करून मूल ३५ लिहिते, तेव्हा त्याला वजाबाकी येत नाही असे समजू नये. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन वजा केले, आणि चारातून एक. त्याने स्वतःसाठी ‘मोठ्यातून लहान घ्यायचा’ असा नियम बनवला आहे. अशा मुलाला पुन्हा पन्नास उदाहरणे दिली तर तो पन्नास वेळा आपलाच नियम घोटवील. त्याच्या हातात दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्याव्या लागतात आणि सतरा काड्या मागाव्या लागतात. गठ्ठा सोडल्याशिवाय त्या देता येत नाहीत हे त्याच्या हातांना कळले, की दशक सुटा करणे म्हणजे काय ते डोक्यात शिरते. बी.एड.च्या गणित अध्यापन पद्धतीत हे सापडणार नाही, कारण तिथे मुलाला वजाबाकी येते असे गृहीत धरलेले असते.

म्हणून माझी सूचना अशी की दोन वर्षे एक स्वतंत्र वही ठेवावी आणि तीत केवळ मुलांच्या चुका लिहाव्यात: तारीख, इयत्ता, मुलाने काय लिहिले किंवा वाचले, आणि आपल्या मते का. सुरुवातीला ‘का’चा रकाना रिकामा राहील. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तो भरू लागतो. कृती संशोधनासाठी (वर्गातली एखादी अडचण घेऊन करायच्या छोट्या अभ्यासासाठी) ऐन वेळी विषय शोधत फिरणाऱ्या मुली मी दरवर्षी पाहतो. अशी वही असलेल्या मुलीकडे दहा विषय तयार असतात.

आणखी एक. शक्य असेल तर आंतरवासितेचा काही भाग द्विशिक्षकी शाळेत मागून घ्यावा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे पाड्यावरच्या शाळेत एका खोलीत दोन किंवा तीन इयत्ता घेऊन बसावे लागते. नाशिक शहरातल्या सरावपाठ शाळेत चाळीस मिनिटांचा एका इयत्तेचा पाठ उत्तम घेणारी मुलगी पहिली नेमणूक अशा ठिकाणी झाली की पहिल्याच दिवशी गोंधळून जाते, कारण तिसरीला शिकवताना पहिलीची मुले काय करतील याचे नियोजन तिने कधी केलेलेच नसते. सुरगाण्यात मला हे शिकायला दीड वर्ष लागले आणि त्या दीड वर्षाची किंमत तिथल्या मुलांनी दिली.

परीक्षा आणि नोकरीबद्दल थोडक्यात. टीईटी म्हणजे पात्रता परीक्षा. तिचा पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दीडशे गुणांचा, बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांचे प्रत्येकी तीस गुण, उत्तीर्ण होण्यासाठी साठ टक्के, राखीव प्रवर्गांसाठी पंचावन्न. टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी; दोनशे प्रश्न, दोन तास, आणि तिच्याच गुणांवर ‘पवित्र’ या राज्याच्या ऑनलाइन प्रणालीतून भरती होते. ही दोन नावे लोक सर्रास एकमेकांत मिसळतात, आपण मिसळू नयेत. टीईटी टाळता येईल या भ्रमातही राहू नये. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगितले आहे. टेट मात्र दरवर्षी होत नाही. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये. पहिल्या दोहोंमधले अंतर पाहा आणि मामांना भीती का वाटते ते समजून घ्या. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून दरमहा सोळा हजार रुपये मानधनावर काढावी लागतात. मधल्या काळात खाजगी शाळेत काम मिळेल. तिथला पगार शाळेगणिक बदलतो आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या मोठ्या इमारतीवरून त्याचा अंदाज बांधू नये. त्या काळात मुक्त विद्यापीठाची बी.ए. पूर्ण करावी, म्हणजे वाट पाहण्यातही वर्षे फुकट जात नाहीत. घरी आपल्या मिळकतीची तातडीने गरज असेल, तर ही सगळी अनिश्चितता आई-वडिलांसमोर आत्ताच मोकळेपणाने मांडावी. दोन वर्षांनी ती मांडणे अधिक जड जाते.

थोडक्यात, आपली ओढ खरोखर लहान मुलांकडे असेल आणि घराबाहेर चार वर्षांचा खर्च झेपणारा नसेल, तर आपल्या परिस्थितीत मी डी.एल.एड. आणि त्यानंतर बी.ए. हाच क्रम सुचवीन. एकाहत्तर टक्के चांगले गुण आहेत. प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असल्यामुळे पसंतीक्रम भरताना आंतरवासिता खरी करून घेणारी संस्था वर ठेवावी, ती बसने वीस मिनिटे दूर असली तरी चालेल. आणि अर्ज भरण्याआधी गावच्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन चार दिवस पहिलीच्या वर्गात मागे बसावे. काही शिकवू नये, नुसते पाहावे. चौथ्या दिवशी दुपारनंतर, मुले कंटाळून किरकिर करू लागतात त्या वेळी, आपल्याला उठून घरी जावेसे वाटते की पुढे जाऊन एखाद्याच्या पाटीत डोकवावेसे वाटते, ते येथे लिहून कळवावे. त्यावरून पसंतीक्रम ठरवायला मी मदत करीन.